बोटाच्या पेराएवढं मुखचित्र: एका गोमंतकीय गेम स्टुडिओला खुलं पत्र

प्रति,
संचालक आणि प्रसिद्धी विभाग,

सप्रेम नमस्कार.

आपल्या अंतराळ-सिम्युलेशन खेळाचं नवं मुखचित्र स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानातल्या पानावर चढलं. जुनं उतरवलं, नवं लावलं आणि प्रकाशनापर्यंत हेच राहणार असं आपण जाहीरही करून टाकलंत. प्रकाशनपूर्व चाचणी करणाऱ्या आम्हा काही जणांना हा निर्णय मुकाट्याने गिळता येत नाही, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत. स्टुडिओचं आणि खेळाचं नाव मुद्दाम टाळलं आहे. ज्यांनी खेळ खेळला आहे ते ओळखतील. बाकीच्यांना यातल्या बहुतेक गोष्टी कुठल्याही खेळाच्या मुखचित्राला लावून बघता येतील.

आमचा संबंध एवढाच की या खेळातले दोष आम्ही नोंदवून दिले, पडद्यावरचे मराठी शब्द तपासले, आणि गोव्यात बसून कोणी कक्षेचं गणित इतकं चोख खेळात उतरवेल यावर विश्वास ठेवला. खेळ चांगलाच आहे. आमचं भांडण फक्त त्याच्या दारावर लावलेल्या पाटीशी आहे.

आधी मंजुरीच्या पद्धतीबद्दल बोलतो, कारण बाकीचे बरेचसे दोष तिथूनच आलेले दिसतात. आपणच प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रात हे चित्र बैठकीच्या खोलीत प्रोजेक्टरवर भिंतभर पसरलेलं आहे. एवढ्या आकारात कुठलंही अंतराळचित्र देखणं दिसतं. ग्राहक ते भिंतीवर बघत नाही. स्टीमला द्यायची छोटी कॅप्सूल, म्हणजे दुकानाच्या याद्यांत दिसणारं मुखचित्राचं आडवं रूप, ४६२ बाय १७४ पिक्सेलची असते आणि काही याद्यांमध्ये ती आक्रसून १२० बाय ४५ वर येते. बोटाच्या एका पेराएवढी पट्टी. त्या पट्टीत खेळाचं नाव चित्राच्या उंचीच्या साधारण १२ टक्के ठेवलंय. १७४ पिक्सेलमध्ये ते २१ पिक्सेल उंच भरतं, ४५ मध्ये पाच. पाच पिक्सेलमध्ये रोमन अक्षरं कशीबशी वाचता येतील. त्याच्या खाली त्याच्या एक तृतीयांश उंचीत दिलेलं देवनागरी नाव दोन पिक्सेलसुद्धा उरत नाही. त्याची एक रेघ होते. छोट्या कॅप्सूलमध्ये नावाने जवळजवळ सगळी चौकट भरावी, असं स्टीमचं मार्गदर्शनच सांगतं. तिथे ग्रह नसला तरी चालतो.

देवनागरीचा प्रश्न नुसता आकाराचा नाही. नावातल्या अक्षरांभोवती जी निळी चमक सोडली आहे तिने शिरोरेषेतली फट बुजते. 'भ' आणि 'म' यांच्यातला, 'ध' आणि 'घ' यांच्यातला मुख्य फरक त्या फटीचा. चमक लावल्यावर तुमच्या नावातला 'भ' दोन हात अंतरावरूनच 'म' वाचला जातो आणि नावाचा अर्थ बदलतो. यावर उपाय स्वस्त आहे: चमक काढा, अक्षर जाड घ्या, शिरोरेषा किंचित बारीक ठेवा, वेलांटी-मात्रांसाठी वर आणि उकारांसाठी खाली जागा सोडा. रोमन टंकाच्या उंचीत देवनागरी कोंबली की मात्रा चिरडतात. आपण नेमकं तेच केलं आहे.

दुसरं गाऱ्हाणं गर्दीचं. चित्रात ग्रहाचा गोळा आहे, जांभळी तेजोमेघाची पार्श्वभूमी आहे, मोठं यान आहे, लहान यानांचा थवा आहे, स्फोट आहे, कोपऱ्यात हेल्मेट घातलेला चेहरा आहे आणि या सगळ्यावर कॅमेऱ्याच्या भिंगातली तिरीप मारली आहे. थोडक्यात मुखचित्राची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगलेली चौकट, झाली आहे. खरं तर ही तुलना माटोळीवर अन्याय करणारी आहे. गणेश चवथीच्या माटोळीत नारळांचा घड कुठे, सुपारीचा घोस कुठे आणि काकडी कुठे याला एक शिस्त असते, आणि ती पाहायला माणूस घरात येऊन मान वर करून उभा राहतो. गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या चित्रातही माणसांची दाटी असते, पणजीच्या कला अकादमीच्या नाट्यगृहात ती भिंतीवर जिवंत होते. पण ती भिंत आहे. १२० पिक्सेलमध्ये मारिओंनी एकच नाक काढलं असतं आणि माणूस ओळखू आला असता.

रंगांचंही तेच. निळसर हिरवा आणि नारिंगी ही जोडी अंतराळाच्या खेळांत इतकी झिजली आहे की आपलं चित्र शेजारच्या दहा चित्रांत ठेवलं तर हरवतं. त्यात कडा काळ्या करत नेल्या आहेत. स्टीमच्या पानाची पार्श्वभूमीच मुळात गडद निळी-काळी असल्याने चित्राची चौकट पानात विरघळते आणि मधोमध एक नारिंगी डाग उरतो. चित्र कृष्णधवल करून बघा: यान आणि त्यामागचा तेजोमेघ एकाच करड्या छटेत येतात. रंग काढल्यावर आकार टिकत नसेल तर तो आकार कधी नव्हताच, फक्त रंग होता. नावाचा खालचा अर्धा भाग स्फोटावर पडतो आणि तिथे पांढऱ्यावर पिवळं झालं आहे. वेब सुलभतेच्या मानकांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला प्रकाशभेद किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ धरतात. इथे तो मोजायला यंत्र लागत नाही, मिरामारच्या किनाऱ्यावर दुपारच्या उन्हात मोबाइल धरला की पुरे.

तांत्रिक गफलती दोन आहेत आणि दोन्ही एका दिवसात सुधारता येतील. ६०० बाय ९०० चं उभं चित्र आडव्या चित्रातून नुसतं कापून काढलं आहे, त्यामुळे यानाचं नाक आणि हेल्मेटचा अर्धा चेहरा तेवढा उरला. उभं चित्र वेगळं मांडावं लागतं. त्यासाठी नाव, पुढचं यान, मधला ग्रह आणि मागचं आकाश हे थर सुटे ठेवलेली मूळ फाइल लागते. ती आपल्याकडे आहे का, अशी शंका आम्हाला येते, तिचं कारण पुढे देतो. दुसरी गफलत ग्रंथालयाच्या, म्हणजे विकत घेतलेले खेळ जिथे दिसतात त्या पानावरच्या रुंद चित्राची. ते ३८४० बाय १२४० चं असतं, त्यात नाव घालायचं नसतं. नाव पारदर्शक पार्श्वभूमीच्या वेगळ्या फाइलने वर बसवतात. आपण दोन्हीकडे नाव दिलंत, म्हणून खेळ उघडण्याआधी ते दोनदा, एकावर एक सरकलेलं दिसतं. महत्त्वाचा भाग मधल्या ८६० बाय ३८० च्या चौकटीत ठेवायचा असतो, कारण खिडकी लहान-मोठी झाली की कडा छाटल्या जातात. आपलं यान अगदी डाव्या कडेला आहे.

मजकुराच्या बाबतीत तर नियमच आहे. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या कॅप्सूलवर खेळाचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं. पुरस्कार मिळाल्याचं दाखवणाऱ्या झाडपाल्याच्या माळा, परीक्षणातले गुण, सवलतीच्या घोषणा चालत नाहीत. 'भारतातला सर्वांत खरा अंतराळ अनुभव' ही ओळ उपशीर्षक नाही, जाहिरात आहे. ती काढा, सोबतच्या माळाही काढा. नव्या आवृत्तीची वगैरे घोषणा करायचीच असेल तर त्यासाठी मुदतीचं तात्पुरतं चित्र लावायची सोय आहे, ते जास्तीत जास्त एक महिना राहतं.

आता मुख्य गोष्ट. मुखचित्र बघून माणसाला वाटतं की इथे लढाई आहे. लाल-हिरव्या किरणांचा मारा, फुटणारं यान, मागे लागलेला थवा. आपल्या खेळात एकही शस्त्र नाही. आपल्या खेळात माणूस इंधनाचा हिशोब करतो, कक्षा उंचावतो, योग्य बिंदूची वाट बघतो आणि शेवटी दोन यानं एकमेकांना जोडतो. हे नीरस आहे असं प्रसिद्धी विभागाला वाटलं असावं. आम्हाला ते गोव्यात तरी समजावून सांगावं लागू नये. रायबंदर-चोडण फेरीबोट धक्क्याला लागताना बघा. मांडवी नदीची ओढ बाजूने लागत असते, जड बोट ब्रेक मारून थांबत नाही, म्हणून चालवणारा बराच आधी जोर काढून घेतो, थोडा उलटा देतो, आणि शेवटचे दोन-तीन मीटर बोट जवळजवळ आपसूक सरकते. दुचाकीवाले आधीच इंजिन चालू करून बसलेले असतात, पण सगळ्यांचे डोळे बोट आणि धक्का यांच्यातल्या त्या पाण्याच्या पट्टीवर असतात. स्फोट होत नाही, तरी कोणी नजर हलवत नाही.

१६ जानेवारी २०२५ ला इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेत प्रत्येकी सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह असेच जोडले गेले. १५ मीटरवर थांबले, मग ३ मीटरवर थांबले, आणि मग सेकंदाला काही मिलिमीटर अशा चालीने भिडले. असं करून दाखवणारा भारत चौथा देश ठरला. आपल्या खेळातली सर्वांत उत्तम वीस मिनिटं हीच आहेत. मुखचित्रात ती कुठेच नाहीत. दोन यानं, मध्ये ३ मीटरची फट, फटीतून दिसणारी पृथ्वीची निळी कड: हे चित्र १२० पिक्सेलमध्येही वाचता येतं, कारण त्यात दोन गडद आकार आणि एक उजळ पट्टी एवढंच आहे. शेजारच्या दहा स्फोटांत तीच शांत पट्टी उठून दिसेल.

हा केवळ आवडीनिवडीचा वाद नाही. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ परत करता येतो. लढाईच्या आशेने आलेला माणूस पहिल्या कक्षेच्या पाठातच चाळीस मिनिटं घालवणार, वैतागणार, पैसे परत घेणार आणि जाता जाता अंगठा खाली करणार. पहिली १० परीक्षणं झाली की खेळाच्या नावाखाली शेरा दिसू लागतो. ती दहा माणसं कोण आहेत यावर पुढचं बरंच अवलंबून. उलट ज्याला कक्षेचं गणित आवडतं तो हे चित्र बघून 'आणखी एक नेमबाजी' म्हणत पुढे सरकतो. म्हणजे चुकीचा माणूस आत आणि बरोबर माणूस बाहेर. कायद्याचा धाक घालायची आमची इच्छा नाही, पण दुकानातलं पानही जाहिरातच धरलं जातं हे ध्यानात असू द्या: २०१६ साली ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने 'नो मॅन्स स्काय' या खेळाच्या स्टीमच्या पानाचीच तक्रारींवरून तपासणी केली होती. पान दिशाभूल करणारं नाही असा निकाल लागला, पण स्टुडिओला प्रत्येक चित्राचं उत्तर द्यावं लागलं. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. खेळात नसलेली तोफ चित्रात असेल तर उत्तर काय देणार?

भौतिकशास्त्राच्या चुका आम्ही यानंतरच मोजतो. त्यांचा क्रम शेवटचा, कारण मुखचित्राने थोडी अतिशयोक्ती करावी, ग्रह जवळ ओढावेत, याला आमची हरकत नाही. पण जो खेळ अचूकतेच्या नावावर विकायचा आहे त्याच्या चित्रात एवढ्या चुका शोभत नाहीत. स्थानक ४०० किलोमीटरवर आहे असं खेळात सांगितलंय; तिथून पृथ्वी दृष्टीचा सुमारे १४० अंशांचा भाग व्यापते, म्हणजे ती चेंडूसारखी दिसूच शकत नाही, वाकडं क्षितिज दिसतं. चित्रातल्याएवढा, ४० अंशांचा गोळा दिसायला जमिनीपासून बारा हजार किलोमीटर वर जावं लागेल. प्रकाश ग्रहावर डावीकडून आणि यानावर उजवीकडून पडतो, आणि सूर्य तर एकच आहे. खरी प्रकाशयोजना यापेक्षा सुंदर आहे: एका बाजूने सूर्याचा कडक, धारदार प्रकाश आणि पृथ्वीच्या बाजूने तिच्यावरून परतलेला मऊ निळसर उजेड. रंगवणाऱ्याला दोन छटा फुकट मिळतात. सौरपट्ट्या सूर्याकडे कड करून उभ्या आहेत. या यानाची बॅटरी एक-दोन प्रदक्षिणांत बसेल. इंजिनाची ज्वाळा पेन्सिलीसारखी लांब, सरळ ओढली आहे. निर्वातात ती बाहेर पडताच पसरते आणि बरेचदा दिसतही नाही. मागे दाटीने लघुग्रह काढले आहेत, पण लघुग्रहांच्या पट्ट्यात दगडांमधून वाट काढावी लागत नाही, शेजारच्या दोन दगडांत लाखो किलोमीटरची मोकळीक असते. हे सगळं आपल्या प्रोग्रामर मंडळींना पाठ आहे. त्यांना चित्र दाखवलं होतं का?

शेवटचं गाऱ्हाणं नाजूक आहे, म्हणून आरोप न करता विचारतो. मोठ्या आकारात पाहिलं तर यानाच्या डाव्या बाजूला इंजिनाची चार नोझल आहेत, उजव्या बाजूला तीन. सौरपट्टीवरच्या चौकटी मध्येच तिरक्या होतात. सांगाड्याची एक दांडी कुठेच न टेकता हवेत संपते. हेल्मेटच्या काचेत जे प्रतिबिंब आहे ते समोरच्या कुठल्याच वस्तूचं नाही. माणूस घाईत चुकतो तेव्हा अशा चुका करत नाही. तो चारचे तीन करत नाही, एक बाजू काढून उलटवून चिकटवतो. सुट्या थरांच्या मूळ फाइलबद्दलची आमची शंकाही इथूनच आली. चित्र एआयने बनवलं असेल तर तसं लिहा. जानेवारी २०२४ पासून स्टीमवर खेळ देताना ही माहिती विचारली जाते आणि ती खरेदीदाराला पानावर दिसते. पणजीतल्या आल्तिनोच्या कला महाविद्यालयातून दर वर्षी मुलं बाहेर पडतात. एक मुख्य चित्र आणि त्याच्या पाच-सहा मांडण्या हे त्यांच्यापैकी एखाद्याला देता येण्याजोगं, मोबदला ठरवून करून घेण्यासारखं काम आहे.

जुनं चित्र परत लावा असंही आम्ही म्हणत नाही. त्यात एकच आकार होता, जोडणीच्या दाराची गोल खूण, आणि तो लांबून ओळखू यायचा. पण तपकिरीवर तपकिरी असल्याने ते मेलेलं दिसायचं.

आमच्या मागण्या अशा.

छोट्या कॅप्सूलपासून सुरुवात करा, मोठ्या चित्रापासून नको. १२० बाय ४५ मध्ये जे वाचता येतं तेच ६०० बाय ९०० मध्ये वाढवत न्या.

शस्त्रं, स्फोट, थवा काढा. जोडणी, कक्षा किंवा उतरणं यांपैकी खेळात खरोखर असलेलं एकच दृश्य घ्या.

जाहिरातीची ओळ आणि माळा तातडीने उतरवा, रुंद चित्रातलं दुहेरी नाव काढा. याला नवं चित्र लागत नाही, आजच करा.

देवनागरी नाव एक तर वाचता येईल एवढं द्या, नाही तर कॅप्सूलवरून काढून गोव्यातल्या फलकांसाठी वेगळं करा.

चित्र कोणी काढलं ते श्रेयनामावलीत लिहा, आणि एआयचा वापर असेल तर तो जाहीर करा.

मंजुरी प्रोजेक्टरवर देऊ नका. स्टीमच्या यादीचं एक चित्र घ्या, त्यात आपली कॅप्सूल दहा-बारा दुसऱ्यांच्या मध्ये चिकटवा आणि खेळ कधीच न पाहिलेल्या माणसाला मोबाइलवर एक सेकंद दाखवा. मग 'आवडलं का?' असं विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात. 'या खेळात काय करायचं असतं?' असं विचारा. दहांपैकी सात जणांनी 'यान जोडायचं', 'उपग्रह सोडायचा' असं काही सांगितलं तर चित्र पास. 'मारामारी' म्हणाले तर नापास, मग ते कितीही देखणं असो. दोन चित्रांत निवड करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, नाव तेच ठेवून चित्र किंवा चित्र तेच ठेवून नाव. पानावर लावल्यावर किती जणांना दिसलं आणि किती जण आत आले हे आकडे स्टीम देतं; सवलतीचा आठवडा सोडून पूर्ण आठवडाभराचे आकडे समोरासमोर ठेवा. गूगल प्लेवर कधी आलात तर तिथे दोन चित्रं एकाच वेळी लावून ताडायची सोय आहे.

घाई का करतो तेही सांगतो. नेक्स्ट फेस्ट, म्हणजे येऊ घातलेल्या खेळांचे डेमो खेळायला देणारा स्टीमचा उत्सव, वर्षातून तीनदा येतो, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये, पण एका खेळाला त्यात एकदाच जाता येतं. आपण नोंदणी केली आहे. त्या आठवड्यात आपली कॅप्सूल शेकडो डेमोंच्या रांगेत बोटाच्या पेराएवढी उभी राहणार. दुरुस्ती त्याआधी झाली तर उपयोग.

चाचणीसाठी माणसं जमवायला आम्ही तयार आहोत. फेरीवर रोज बारा-पंधरा अनोळखी माणसं मोबाइल हातात धरून पलीकडे जाण्याची वाट बघत असतात, त्यांच्याइतका निःपक्ष परीक्षक मिळणार नाही. कच्ची रेखाटनं असली तरी द्या, रंगाची वाट बघू नका.

उत्तर कृपया जाहीरच द्यावं, आणि 'नाही' असेल तर कारणासह.

आपले,
प्रकाशनपूर्व चाचणी गटातले काही जण
पणजी, म्हापसा आणि मडगाव